शाळेतून आल्यावरचं सरबत

आमच्या घरात खाण्याचे दोनच प्रकार होते, घरचं आणि बाहेरचं. घरचं म्हणजे आईच्या हातचं, आणि ते कितीही तेलकट, तिखट किंवा कालचं असलं तरी बाधायचं नाही असा तिचा हुकूमच होता. बाहेरचं म्हणजे उरलेलं सगळं जग. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही राहायचो. दोन खोल्या, मागे व्हरांडा, व्हरांड्यापलीकडे कडुनिंब. बाबा मंत्रालयात नोकरीला, त्यामुळे आजूबाजूला तमिळ, बंगाली, गढवाली, पंजाबी अशी सगळी बिऱ्हाडं. संध्याकाळी प्रत्येक खिडकीतून वेगळी फोडणी ऐकू यायची आणि आई पोळ्या लाटता लाटता नुसत्या वासावरून कोणाकडे काय शिजतंय ते सांगायची. आमच्या खिडकीतून जायचा तो मोहरी-हिंगाचा आणि काळ्या मसाल्याचा वास. काळा मसाला आई साताऱ्याहून आणलेल्या दगडफुलावर वर्षभर पुरवायची. दिल्लीत येऊन तिला पंधरा वर्षं होत आली होती, पण भाजीवाल्याशी बोलायचं हिंदी सोडलं तर ती अजून साताऱ्यातच राहत होती असं बाबा चिडवायचे.

मी सातवीत असताना बाहेरचं एकदम वाढलं. आधी बाहेरचं म्हणजे कोपऱ्यावरचा गोलगप्पेवाला आणि बाजारातली आलू टिक्की, म्हणजे डोळ्यांना दिसणारं आणि टाळता येणारं. आता सरोजिनी नगरच्या बाजारात दुकानांच्या दारांवर चकचकीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या. फुगलेली, हवा भरलेली पाकिटं. दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया आधीपासून होत्याच, त्यांच्या जोडीला भडक केशरी पेयं, खारे-आंबट तुकडे, तऱ्हेतऱ्हेची चॉकलेटं. टीव्हीवर सतत कोणीतरी काहीतरी कुरकुरीत चावत असायचं. वर्गात माझ्या बाकावर बसणारी सिम्मी मधल्या सुट्टीत पाकीट फोडायची, त्या फट्‌ आवाजानं सगळा वर्ग मागे वळायचा. "ले ना यार, एक तो ले," ती म्हणायची. मी घ्यायचे नाही. हे मी आज पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण या प्रकरणात बाकी काही महत्त्वाचं नाही. मी घ्यायचे नाही. तोंडाला पाणी सुटायचं, बोटांना लागलेला मसाला ती चाटायची ते मी बघत बसायचे, पण घ्यायचे नाही.

कारण मला दमा होता. लहानपणापासून थोडाथोडा, थंडीत आणि कडुनिंबाला फुलोरा आला की जास्त. डॉक्टर चावला आमच्या कॉलनीच्या कडेलाच बसायचे. जाडजूड, केसाळ हातांचे, बोलायला मोकळे. त्यांनी आईला सांगितलं होतं, "बहनजी, ये पैकेट वाली चीज़ें बंद. रंग डालते हैं, टिकाने का केमिकल डालते हैं, प्रिज़र्वेटिव. हर बच्चे को तकलीफ नहीं होती, पर इसका भरोसा नहीं." आईनं ते कानात साठवलं. त्या दिवसापासून प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्द तिच्या तोंडी असा बसला की ती तो शेजारणींनाही शिकवू लागली. तिच्या तोंडी तो 'प्रिझर्वेटी' व्हायचा. जॅम बंद, सॉस बंद, पाव फक्त आजारपणात. आणि मी हे सगळं पाळते म्हणून मला बक्षीस होतं. शाळेतून घामाघूम होऊन आले की दप्तर टाकायच्या आत आई माठातलं पाणी घालून लिंबू-आल्याच्या सरबताचा पेला पुढे करायची. "बाहेर काही खाल्लं नाहीस ना, अंजू? शहाणी माझी. घे, घरचं."

ते सरबत ही आमच्या घरातली मोठीच घडामोड होती, आणि ती घडवली नलूमावशीनं. नलूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या वरच्या क्वार्टरात राहायची, मूळची सांगलीची, आणि आईला दिल्लीत खरी मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच. दुपारी जिन्यावरून "शालू, चहा टाकतेस का गं?" अशी हाक आली की आईचा चेहरा उजळायचा. नलूमावशीच्या यजमानांनी त्या वर्षांत एक धाडस केलं. सरकारी नोकरी सोडून ते एका नव्या खासगी कंपनीत गेले, क्वार्टर सोडलं आणि नोएडात नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वर्ष-दीड वर्षात ती कंपनी गुंडाळली गेली. गृहस्थ घरी बसले. रडत बसणारी बाई नव्हती ती. फळं टिकवायला शिकवणारा एक सरकारी वर्ग तिनं शोधून काढला आणि जाताना आईलाही ओढून नेलं. दोघी पिशव्या भरभरून लिंबं घेऊन जायच्या आणि पाकाच्या वासानं माखून परत यायच्या. नलूमावशी नोएडाहून बसनं यायची, आणि महिन्याभरात आमचं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना झाला.

मला तो आवाज अजून आठवतो. मोठ्या पातेल्यात उकळणाऱ्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या, त्यांचा किणकिणाट. मग त्या व्हरांड्यात फडक्यावर उपड्या मांडायच्या. आलं किसताना आईच्या बांगड्या, आणि नलूमावशीचं अखंड बोलणं. पाक निवला, लिंबाचा रस मिसळला की शेवटी आई फळीवरून, हिंगाच्या डबीशेजारून, एक छोटी बाटली काढायची. तिच्यात पांढरी पावडर होती. वाटीभर पाण्यात ती विरघळवताना आई पदर नाकाला लावायची आणि मला म्हणायची, "लांब हो गं, नाकात जाईल." आगपेटीची काडी नुकतीच ओढावी तसा वास यायचा. वर्गात शिकवलं होतं, या पावडरीशिवाय सरबत टिकत नाही, तिला के. एम. एस. म्हणतात. मी ते शंभरदा ऐकलं होतं, आईनंही ऐकलं होतं, आणि आम्हा दोघींच्याही डोक्यात कधी आलं नाही की ज्याला डॉक्टर टिकवायचं केमिकल म्हणतात ते हेच. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण आमच्या बायकांचा हिशेबच तसा होता. जे कारखान्यात घालतात ते केमिकल, आपण आपल्या हातानं, आंघोळ करून, देवाला हळद-कुंकू वाहून झाल्यावर घालतो त्याला केमिकल कसं म्हणायचं? मीठ घातलं असं कोणी मुद्दाम सांगतं का, तसंच ते.

बाटल्यांवर कसलीही चिठ्ठी नसायची. आईचा शब्द हीच चिठ्ठी. महाराष्ट्र मंडळात, गणपतीत, कोजागिरीला ती पेले भरून पुढे करायची आणि म्हणायची, "घरचं आहे. काही घातलेलं नाही." शहरभरच्या मराठी बायका फोन करून "शालूताईंचं सरबत" मागू लागल्या. खरं तर विक्री नलूमावशीची होती, तिचं घर त्यावर चालत होतं, पण नाव आईचं पडलं. पंधरा वर्षं जी बाई मिसेस देशमुख होती, तिला स्वतःचं नाव मिळालं. फोन वाजला की ती पदराला हात पुसत, कोणी बघतंय का याची खात्री करून, जरा सावकाश चालत फोनपर्यंत जायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

आणि त्याच वर्षी माझा दमा बळावला. शाळेतून यावं, सरबत प्यावं, आणि अर्ध्या तासात छातीत शिट्टी सुरू व्हावी. खांदे वर, तोंड उघडं, बोलायचं तर दोन शब्दांवर थांबायचं. आई शेजारच्या कोणाला तरी रिक्षा आणायला पळवायची. बाबांनी कडुनिंबाच्या बाजूची खिडकी खिळे ठोकून बंद केली, कूलरची गवताची जाळी काढून टाकली, उशा बदलल्या. काही फरक नाही. मग आईनं विचार केला, आणि आईचा विचार बिनतोड होता. रविवारी अंजूला काही होत नाही. सुट्टीत काही होत नाही. शाळेच्या दिवशीच होतं, तेही शाळेतून आल्या आल्या. म्हणजे वाटेत ही काहीतरी खाते.

"शपथ घे," ती म्हणाली. मी घेतली. "माझी घे." मी तिचीही घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी वाजली, आणि आईच्या डोळ्यांत मी प्रथमच ते पाहिलं, की ही मुलगी आईची खोटी शपथ घेते. त्यानंतर दारातच थांबवून ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची. "हा कर." मी 'हा' करायचे. दप्तर उलटंपालटं करायची, कंपासपेटीसुद्धा. काही सापडायचं नाही, तेव्हा म्हणायची, "हुशार झालीयस." आणि एवढं करूनही, आई होती ना, दमलेलं लेकरू म्हणून पेला हातात द्यायचीच. मी ते सरबत कृतज्ञतेनं प्यायचे. वाटायचं, बघा, रागावलीय तरी माझ्यावर माया आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे तिनं ते मनात ठेवलं नाही. मंडळात, फोनवर, जिन्यात, सगळीकडे तिनं सांगितलं: "काय करू हो, पोरगी चोरून चिप्स खाते. जिवावर बेततंय तरी ऐकत नाही." लोक मला बघून च्‌च्‌ करायचे, बोट नाचवायचे. कुलकर्णीकाकू म्हणून मंडळातल्या एक होत्या, त्या तर मी दिसले की "काय गं, आज कुठला फ्लेवर?" असंच विचारायच्या.

फाल्गुन संपता संपता बाजारात कैऱ्या आल्या आणि दोघींनी पन्ह्याचा पहिला घाणा केला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू या वेळी नलूमावशीच्या नव्या घरी व्हायचं होतं, तिथल्या बाजारातला एक दुकानदार मालाची चव बघायला येणार होता, म्हणून टिकायला हवं या काळजीनं आईनं त्या पावडरीचा हात जरा सैल सोडला असावा. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा पन्ह्याचा पेला तयारच होता. वेलची, केशर आणि त्याखाली कुठेतरी ती ओढलेली काडी. अर्धा पेला झाला असेल नसेल, माझा श्वास दाराशीच अडला. या वेळी शिट्टीसुद्धा येईना. आईनं मला कडेवर घेतलं, बारा वर्षांच्या मुलीला, आणि ती चपला न घालता डॉक्टर चावलांकडे पळाली.

इंजेक्शन दिलं, वाफेचं यंत्र तोंडाला लावलं. माझ्या ओठांना रंग आला तसे डॉक्टर आईकडे वळले. "क्या खाया था?"

"बाहर का कुछ खाया होगा, डॉक्टरसाब. चोरी से खाती है."

"स्कूल से यहाँ तक चलकर आई न? तब ठीक थी? घर आकर क्या लिया?"

"घर का तो सिर्फ पन्ना था. आम का. मैंने खुद बनाया."

"ताज़ा?"

"नहीं, बोतल का. हम लोग बनाकर रखते हैं."

"टिकाने के लिए कुछ डाला?"

मला मास्कच्या वरून तिचा चेहरा दिसत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "थोड़ा के. एम. एस. वहाँ क्लास में सिखाया था. सरकारी क्लास में."

"अरे बहनजी," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पावडर खराब नहीं है, सब डालते हैं, इजाज़त भी है. ज़्यादातर लोग पी लेंगे, कुछ नहीं होगा. पर खटाई में उससे गैस निकलती है, और दमे वाले किसी-किसी बच्चे की नली वहीं बंद हो जाती है. पहले भी पिलाती थीं?"

"रोज़," आई म्हणाली. "स्कूल से आने के बाद."

माझी छाती फाटत होती आणि मी आनंदात होते. दुसरा शब्द नाही त्याला. मी सुटले होते. एका मोठ्या माणसानं, डॉक्टरानं, आईसमोर सांगितलं होतं की मी खोटी नाही. मला वाटलं आता आई मला जवळ घेईल आणि म्हणेल, चुकलं गं माझं. मग ती नलूमावशीला सांगेल, बाबांना सांगेल, कुलकर्णीकाकूंना फोन करेल. परत येताना मी रिक्षात सगळी यादीच करत होते, कोणाकोणाला सांगायचं त्याची. आई बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं आमच्या फळीवरच्या बाटल्या काढल्या, मोरीत ओतल्या, आणि मला खिमट भरवलं. रात्री बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "हवा बदलतेय ना." मी बाबांना सांगायला तोंड उघडलं, तर तिनं नुसता माझ्या पायावर हात ठेवला. "पडू दे तिला, बोलायला लावू नका." मला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणतेय.

हळदीकुंकवाला आम्ही बसनं यमुना ओलांडून नोएडाला गेलो. अर्ध्या बांधलेल्या इमारती, मोकळी वाळू, मध्येच मोहरीचं शेत, आणि त्यातून उगवलेली नलूमावशीची सोसायटी. हॉलमध्ये गौर झोपाळ्यात बसवली होती, पुढे कलिंगडाचं कमळ, लाडू, करंज्या. भिजवलेले हरभरे ओटीत पडत होते, वाटल्या डाळीला कैरीचा आणि फोडणीचा वास सुटला होता. आणि ट्रेमध्ये ओळीनं पन्ह्याचे पेले. दुकानदार सकाळीच येऊन चाखून गेला होता, त्यानं होकार दिला होता. नलूमावशी नऊवारी नेसून नुसती तरंगत होती. "शालू, तुझ्यामुळे गं, तुझ्या नावामुळे," म्हणत तिनं आईला मिठी मारली. तिच्या यजमानांनी आतल्या खोलीतून येऊन आईला नमस्कार केला, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी हे सगळं बघितलंय. आईपुढे काय होतं ते मला त्या वयातही कळत होतं, आणि आज तर अधिकच कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही.

कुलकर्णीकाकू आल्या, बरोबर त्यांची चार वर्षांची धाकटी, पिंकी. पोरीच्या घशातून घरघर ऐकू येत होती. ती मला दारापासूनच ऐकू आली, आपला आवाज कोणाला ओळखू येणार नाही? काकूंनी मला पाहिलं. "आलीस? ऐकलं मी, परवा पुन्हा झालं म्हणे. शालूताई, अहो, अजून सुटलं नाही का हिचं ते चिप्सचं वेड?"

मी आईकडे पाहिलं. आता सांगेल. आईच्या हातात ट्रे होता. नलूमावशी शेजारी उभी होती.

"काय सांगू," आई म्हणाली. "ऐकतच नाही बघा."

बायका हसल्या. कोणीतरी माझा गाल ओढला. माझ्या कानात सूं झालं. मला वाटतं आयुष्यात पुढे जे काही फसवलं जाणं वाट्याला आलं, ऑफिसात, लग्नात, त्यातल्या कशानंही मला तसं केलं नाही. कारण त्या बाकीच्यांना माझ्याबद्दल शंका तरी होती. मी खात नव्हते याची आईला खात्री होती, आणि तरी तिनं ते वाक्य उच्चारलं. एवढ्यात काकूंनी ट्रेमधला एक पेला उचलला आणि पिंकीच्या तोंडाजवळ नेला.

"काकू, तिला देऊ नका," मी म्हणाले. "त्यात पावडर असते. टिकायची. तिला दमा आहे, तिला त्रास होईल. मला त्यानंच होतं."

नलूमावशीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग कुलकर्णीकाकूच हसल्या. "बघा! चोर तो चोर, आणि आईच्या सरबतावर खापर!" सगळ्यांना तो मोठाच विनोद वाटला. चोरून खाणाऱ्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार? तसं मला करून ठेवलं होतं ते आईनंच.

"अंजू," आई म्हणाली, "आत जाऊन बस." आणि त्याच दमात, अगदी सहज, तिनं काकूंच्या हातातला पेला काढून घेतला. "पिंकीला नको हं हे, बर्फातलं आहे. घसा बसलाय तिचा. मी तिला कोमट पाणी देते."

मी आतल्या दाराशी उभी राहून पाहिलं. आईनं कोमट पाणी आणलं, पोरीला मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या मुलीला तिनं वाचवलं, मला तिथंच सोडून. मग उठून ट्रे उचलला आणि पुढच्या बाईसमोर धरला. "घ्या ना. घरचं आहे, काही घातलेलं नाही."

परतीच्या बसमध्ये ती माझ्याजवळ सरकली. "दिलं नाही ना मी त्या पोरीला?" असं विचारलं, जणू तिला माझ्याकडून शाबासकी हवी होती.

"त्यांना सांग की मी खात नव्हते."

"सांगू गं. नलूमावशीचं जरा बस्तान बसू दे, मग सांगू."

नलूमावशीचं बस्तान बसलं. यजमानांना पुन्हा नोकरी लागली, सरबत बंद झालं, मुलं परदेशी गेली. माझा दमाही वयाबरोबर उतरला. मी दोनदा विषय काढला, एकदा कॉलेजात असताना, एकदा माझ्या मुलीच्या बारशाला. दोन्ही वेळा आई म्हणाली, "इतकं जुनं काय उकरून काढतेस?" गेल्या हिवाळ्यात पिंकीच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही गुरुग्रामला गेलो होतो. कुलकर्णीकाकू आता व्हीलचेअरवर असतात. त्यांनी माझा हात धरून जरा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि ओळख पटल्यावर सुना-नातवंडांना हाक मारून सांगितलं, "अरे, ही अंजू! लहानपणी चिप्स चोरून खायची, मरता मरता वाचली आणि नाव कोणाचं घेतलं, तर आईच्या पन्ह्याचं!" सगळे हसले. मी वळून आईकडे पाहिलं. ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.